पहिली दिग्दर्शिका फातमा बेगम



व्याख्यानाचा विषय कळवा असे चालकांचे पत्र आले, तेव्हा आम्ही उलट टपाली दोनच शब्द लिहिले : फातमा बेगम. दुसऱ्या दिवशी चालकांपैकी एकजण घरी आले. म्हणाले, "भाऊ, ह्या बाई कोण? तुम्ही जन्मभर जिनिंगच्या फाटकावर भाषणे केली. तुम्ही बोनसवर बोला, नव्या कामगार संहितांवर बोला. सिनेमा तुमच्याकडे कुठून आला?" आम्ही त्यांना चहा दिला आणि सांगितले की, ह्या बाई कोण असे आपणांस विचारावे लागले, म्हणूनच हा विषय घेतला.

प्रथम आमची पात्रता सांगून टाकतो. आमचे शाळेतले शिक्षण आठवीला संपले. पुढचे जे काही झाले ते मोर्चात, लेबर कोर्टाच्या पायरीवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा कलेची चिकित्सा आमच्याकडून अपेक्षू नये. परंतु एक गोष्ट आम्हांस चांगली कळते, ती म्हणजे मस्टर. तीस वर्षे आम्ही हजेरीपुस्तके वाचत आलो आहोत. ज्याचे नाव मस्टरवर नाही त्याने काम केलेच नाही, असे कायदा धरून चालतो. मग त्याच्या हातावर घट्टे असोत की नसोत. आपल्या गावाचेच पाहा. पाकिटावर 'मेघे' हा शब्द राहून गेला की आपले पत्र सिंदी रेल्वेला जाते आणि आठ दिवसांनी परत येते. नावातला एक शब्द गळला तर ही गत. संपूर्ण नावच गळले तर माणूस कोठे जाऊन पडेल?

आम्ही ह्या विषयाकडे वळलो त्याला आमचीच एक चूक कारण झाली. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने एका जुन्या संपाची स्मरणिका काढली. एक्केचाळीस दिवसांचा संप होता. मजकूर आम्हीच लिहिला, प्रुफे आम्हीच तपासली. संपात झटलेल्यांची त्रेचाळीस नावे छापली. प्रकाशनाला जुनी माणसे आली होती. समारंभ आटोपल्यावर सत्तरीची एक बाई पुस्तक हातात घेऊन आमच्याकडे आली. तिला वाचता येत नव्हते. नातीकडून तिने वाचून घेतले होते. ती म्हणाली, "भाऊ, याच्यात आमचं नाव कुठं हाय जी?" आम्ही पुस्तक उघडले. त्रेचाळीस नावांत एकही बाईचे नाव नव्हते. एक छायाचित्र होते, फाटकासमोर बसलेल्या बायांचे, आणि त्याखाली आम्हीच लिहिले होते : 'इतर महिला'. त्या एक्केचाळीस दिवसांत सामुदायिक स्वयंपाक ह्या बायांनी चालविला होता. पोलीस आले तेव्हा फाटकातून त्या हलल्या नव्हत्या. मालकाने कोणाचे नाव लिहिले नाही म्हणून आम्ही आयुष्यभर भांडलो, आणि पेन आमच्या हाती आले तेव्हा आम्हीही तेच केले.

त्यानंतर जेथे जेथे बायांची नावे गळतात ती ठिकाणे पाहण्याचा आम्हांस छंदच लागला. अशाच शोधात चित्रपटावरच्या एका पुस्तकात एक ओळ दिसली : भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शक फातमा बेगम, चित्रपट 'बुलबुल-ए-परिस्तान', साल १९२६. एवढे सांगून पुस्तक पुढे निघून गेले. आम्ही मात्र त्या ओळीपाशी थांबलो. कारण १९२६ हे साल आम्हांस पाठ आहे. त्याच वर्षी भारतात कामगार संघटनांचा कायदा मंजूर झाला, ज्याच्या आधारावर आमच्यासारख्यांच्या संघटना नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईत एक बाई स्वतःच्या नावाची चित्रपट-कंपनी काढते आणि स्वतः चित्र दिग्दर्शित करते, हे आम्हांस पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नसावे!

हे धाडस केवढे होते ते कळण्यासाठी तेरा वर्षे मागे जावे लागेल. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्यातली तारामती कोण? अण्णा साळुंके नावाचा पुरुष. दादासाहेबांनी पुष्कळ शोध केला, पण कॅमेऱ्यापुढे उभी राहावयास बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या ह्या तरुणाला त्यांनी लुगडे नेसविले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई ह्या दोघी पडद्यावर आल्या तेव्हा कोठे स्त्रीची भूमिका स्त्रीने केली. अशा काळात फातमाबाई मोठ्या झाल्या.

त्यांचा जन्म १८९२ सालचा, घर उर्दू बोलणारे. आरंभ उर्दू रंगभूमीवर झाला. १९२२ मध्ये अर्देशिर इराणी यांच्या 'वीर अभिमन्यु' ह्या मूकपटात त्या प्रथम पडद्यावर दिसल्या. तेव्हा त्यांची तिशी आली होती आणि पदरी तीन मुली होत्या : सुलताना, झुबेदा आणि शहजादी. नटीचे आयुष्य सोळाव्या वर्षी सुरू होऊन पंचविशीत संपते असे मानणाऱ्या धंद्यात ह्या बाईने तिशीत पाऊल टाकले. १९२४ साली 'सती सरदारबा', 'गुल-ए-बकावली', 'पृथ्वीवल्लभ' अशी त्यांची चित्रे आली. चारच वर्षांत त्यांनी धंदा इतका पाहून घेतला की १९२६ साली 'फातमा फिल्म्स' ही संस्था काढली. १९२८ पासून तिचे नाव 'व्हिक्टोरिया फातमा फिल्म्स' झाले. 'गॉडेस ऑफ लव्ह', 'हीर रांझा', 'चंद्रावली', 'कनकतारा', 'शकुंतला' अशी चित्रे त्यांनी १९२९ पर्यंत दिली. त्याच वेळी कोहिनूर आणि इंपीरियल ह्या दुसऱ्यांच्या कंपन्यांत नटी म्हणून त्यांचे काम चालूच होते. म्हणजे एके ठिकाणी रोजाने काम करायचे आणि दुसरीकडे स्वतःचा कारखाना चालवायचा. आमच्या ओळखीचा एक लेथवाला असा दोन्हीकडे राबत असे, त्याची आम्हांस आठवण होते. फरक इतकाच की तो बाई नव्हता, त्यामुळे त्याच्या चारित्र्याची चौकशी कोणी केली नाही.

'बुलबुल-ए-परिस्तान' हे नावाप्रमाणेच परीकथेचे चित्र होते. आज यंत्रगणकावर परी उडविता येते. त्या काळी ते सारे हाताने करावे लागे. कॅमेरा हाताने फिरवायचा. माणूस अदृश्य करावयाचा असेल तर कॅमेरा थांबवून त्याला बाजूला करायचे, बाकीच्यांनी श्वास रोखून तसेच उभे राहायचे, आणि पुन्हा कॅमेरा चालू करायचा. एकाच पट्टीवर दोन दृश्ये हवी असतील तर हँडलचे फेरे मोजून ठेवायचे, अंधारात पट्टी मागे गुंडाळायची आणि पुन्हा तितकेच फेरे देत दुसरे दृश्य घ्यायचे. एक फेरा चुकला की दिवसाची मजुरी आणि विलायतेहून आलेली फिल्म दोन्ही वाया. उजेड सूर्याचा, ढग आला की सारे काम बंद. आता ह्या माणसांच्या मेळ्यात, सुतार, रंगारी, कॅमेरावाला, पहिलवान, नट, ह्या सर्वांना ओरडून हुकूम देणारी बाई डोळ्यांसमोर आणा. हुकूम देणे सोपे असते. तो ऐकला जाईल अशी पत मिळविणे कठीण. आम्ही फाटकावर ती मिळविण्यात दहा वर्षे घालविली, म्हणून सांगतो.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. फातमाबाई मालक होत्या आणि आम्ही कामगारांच्या बाजूचे. त्यांच्या कंपनीतल्या सुतारांची, शिंप्यांची नावे आपणांस कोठे माहीत आहेत? त्यांनी पगार वेळेवर दिला की नाही, हेही आम्हांस सांगता येणार नाही. म्हणून त्यांना देवी करून मखरात बसवावे असे आमचे म्हणणे नाही. कामाची नोंद व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे. नोंद झाली की मग गुणदोषही पाहता येतात. ज्याची नोंदच नाही त्याचे दोषसुद्धा कोणी पाहत नाही.

मग ही नोंद गळली कशी? आम्हांस तिची चार कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे खुद्द चित्रेच उरली नाहीत. भारतात तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी पुरे आणि तुटके मिळून तीसेक उरले आहेत. ती फिल्म नायट्रेटची. चटकन पेट घेणारी आणि दमट हवेत कुजणारी. शिवाय तिच्यात चांदी असे. बोलपट आल्यावर जुने मूकपट मोडीत गेले, चांदी काढून घेण्यात आली. आपल्या पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले ते १९६४ साली. तोवर बहुतेक पीक करपून गेले होते. फातमाबाईंनी दिग्दर्शित केलेले 'बुलबुल-ए-परिस्तान' आज कोणालाही पाहता येत नाही.

दुसरे कारण बोलपट. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' झळकला. पहिला भारतीय बोलपट, आणि त्याची नायिका कोण, तर फातमाबाईंचीच मुलगी झुबेदा. मुलीचे नाव घरोघर गेले. आईची ओळख 'झुबेदाची आई' एवढीच उरली. आईला ह्याचे दुःख झाले असेल असे आम्हांस वाटत नाही. पण इतिहासाने आईचे रकाने मुलीच्या नावाखाली मिटवावेत हे बरोबर नव्हे.

तिसरे कारण चावडीवरच्या गप्पांचे. फातमाबाईंचा विवाह कोणत्या नवाबाशी झाला की झालाच नाही, यावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी त्यांच्या दिग्दर्शनावर झाली नाही. पुरुष दिग्दर्शकाच्या बाबतीत आधी त्याची चित्रे मोजतात. बाईच्या बाबतीत आधी तिचा नवरा शोधतात.

चौथे कारण आपल्या दाराशीच आहे. सिनेमाकडे सभ्य समाज पाहतच नव्हता. १९२७ साली सरकारने चित्रपटविषयक चौकशी समिती नेमली, रंगाचारियर तिचे अध्यक्ष होते. तिने गांधीजींकडे प्रश्नावली पाठविली. गांधीजींनी उत्तर दिले त्याचा आशय असा की, आपण सिनेमा कधी पाहिलेला नाही, पण त्याने केलेले अहित मात्र बाहेरच्याही माणसाला दिसते. १९३९ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'फिल्मइंडिया'तून गांधीजींना खुले पत्र लिहिले आणि ह्या कलेकडे सहानुभूतीने पाहण्याची विनंती केली. तोवर सेवाग्राम हे महात्माजींचे घर झाले होते. आम्ही त्याच मातीतले आहोत. सूत कातणाऱ्या हाताला प्रतिष्ठा देण्याचा धडा आम्ही येथेच शिकलो. म्हणूनच नम्रपणे म्हणतो की फिल्मची पट्टी धुणारा आणि जोडणारा हातही श्रमाचाच हात होता. त्याच्याकडे पाठ फिरवताना आपण त्या हातांचीही नोंद सोडून दिली.

पट्टी धुणारा हात म्हटला की आणखी एका बाईचे नाव घेतलेच पाहिजे. सरस्वतीबाई फाळके, दादासाहेबांच्या पत्नी. दादासाहेब १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणि यंत्रे घेऊन आले. तेव्हा कच्ची फिल्म कडेला भोके न पाडताच येत असे. ती भोके अंधारात पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई शिकल्या, रसायने कालविणे शिकल्या, फिल्म धुणे शिकल्या. भांडवल उभे करताना त्यांचे दागिने गेले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे, आणि रात्री दिव्याशिवाय पुन्हा फिल्म. तारामतीचे काम तू कर असे दादासाहेबांनी सुचविले होते. इतकी कामे अंगावर असताना तेही कसे करू, म्हणून त्यांनी नकार दिला. आम्हांस विचाराल तर ह्या एकाच बाईची कामे चार हुद्द्यांची भरतील. फाळक्यांच्या चित्रांचे काही भाग आजही पाहावयास मिळतात. त्यांत सरस्वतीबाईंचे श्रम आहेत, पण नाव नाही. फातमाबाईंचे नाव आहे, पण चित्र नाही.

हे आपल्याच देशात होते असे समजू नका. आमचे काही सोबती चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळसाखाणींत आहेत. खाणीत जखम झाली आणि तिच्यात कोळशाची धूळ बसली की व्रण कायमचा निळा राहतो. इंग्लंडच्या जिल क्रेगी ह्या दिग्दर्शिकेने १९४९ साली वेल्समधल्या खाणकामगारांवर चित्र काढले, त्याचे नाव 'ब्लू स्कार', म्हणजे निळा व्रण. तिथल्या खऱ्या खाणकामगारांना तिने कॅमेऱ्यापुढे उभे केले. त्याआधी १९४६ साली बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या प्लिमथ शहराच्या पुनर्रचनेवर, आणि नंतर १९५१ साली स्त्रियांच्या समान वेतनाच्या मागणीवर तिने चित्रे केली. इंग्लंडात समान वेतनाचा कायदा झाला १९७० साली, आपल्याकडे १९७६ साली. ह्या बाईने त्याआधी किती वर्षे तो प्रश्न पडद्यावर मांडला ते पाहा. असे असून दिग्दर्शक म्हणून तिचे काम थांबले ते चार दशकांहून अधिक काळ; १९९५ साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, तिने युगोस्लाव्हियातल्या युद्धावर चित्र केले. मधल्या काळात जग तिला कोणाची ओळख म्हणून जाणत होते? मजूर पक्षाचे पुढारी मायकेल फूट यांची पत्नी. म्हणजे कामगारांच्या पक्षातही तीच तऱ्हा. आमच्या स्मरणिकेत जे झाले त्याचे नवल वाटू नये. पण शरम वाटावी.

आता फातमाबाईंच्या अखेरच्या वर्षांकडे येऊ. बोलपटांतही त्यांनी काही काळ भूमिका केल्या. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्या पडद्यावरून दूर झाल्या आणि १९८३ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ह्या सालाकडे आपण नीट पाहावे. पुण्याचे चित्रपट संग्रहालय उघडले तेव्हा त्या हयात होत्या. १९६९ साली दादासाहेब फाळके यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तेव्हा त्या हयात होत्या. शोभना समर्थ यांनी १९५० साली आपली मुलगी नूतन हिला 'हमारी बेटी'तून पडद्यावर आणले आणि दिग्दर्शनही स्वतः केले, तेव्हा त्या हयात होत्या. सई परांजपे यांनी 'स्पर्श' दिग्दर्शित केला तेव्हाही त्या हयात होत्या. मूकपटाच्या काळातली ही बाई एवढी वर्षे आपल्यामध्ये होती. चित्रे जळाली हा अपघात म्हणता येईल. पण जिवंत माणसाला जाऊन विचारायला आग आडवी येत नाही.

हेच आम्हांस आज सांगावयाचे आहे. कागद उरले नाहीत, फिल्म उरली नाही, अशी सबब आपण नेहमी पुढे करतो. पुष्कळ वेळा कागदाआधी आपली चौकशी संपलेली असते. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत आणि आपल्या जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये राबलेल्या बाया आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी किती हंगाम काढले, किती मणांची ओझी वाहिली, कोणत्या संपात किती दिवस उपाशी राहिल्या, हे त्यांच्या नातवंडांना ठाऊक नाही. त्या अजून ओसरीवर बसलेल्या आहेत. त्यांना विचारायला कोणत्या संग्रहालयाची परवानगी लागत नाही.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. त्या बाईने विचारलेला प्रश्न घेऊन आम्ही दोघे-तिघे गेली दोन वर्षे घरोघर हिंडत आहोत. बरोबर स्मरणिकेतले ते छायाचित्र असते, 'इतर महिला' लिहिलेले. त्यात एकोणीस बाया दिसतात. सतरा जणींची नावे मिळाली. त्यांपैकी सहा जणी हयात आहेत. मागच्या रांगेत डावीकडे उभ्या असलेल्या दोघींची नावे अजून लागलेली नाहीत. त्यांतल्या एकीला सगळे 'चुलीवाली मावशी' म्हणत आणि ती इकडे सिंदी मेघेच्या बाजूला राहत असे, एवढेच कळले आहे.

ते छायाचित्र आम्ही आज बरोबर आणले आहे. आभारप्रदर्शन झाल्यावर दाराजवळच्या टेबलावर ठेवतो. वडीलधाऱ्या मंडळींनी, विशेषतः माताभगिनींनी, जाताना ते एकदा पाहावे. कोणास ओळख पटली तर तेथेच वही आणि पेन आहे. नाव लिहावे, आणि लिहिता येत नसेल तर सांगावे, आम्ही लिहून घेऊ. ते तपासून आम्ही दुसरी आवृत्ती काढणार आहोत.